वरीलप्रमाणे

सभागृहाच्या केअरटेकरला त्याचं खरं नाव विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ‘वरीलप्रमाणे’ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. दोष त्याचाच. कसं काय चाललंय, असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. तब्येत वरीलप्रमाणे, बायकोची बडबड वरीलप्रमाणे, गुडघे वरीलप्रमाणे. एकदा एका पाहुण्या वक्त्यानं अदबीनं विचारलं, आपलं शुभनाव? शिडीवर चढलेल्या इलेक्ट्रिशियननं वरूनच सांगून टाकलं, आणि त्या भल्या माणसानं भाषणाच्या शेवटी ‘श्रीयुत वरीलप्रमाणे यांचे’ जाहीर आभार मानले. टाळ्याही पडल्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याचा झालेला सत्कार तेवढाच.

हा शब्द पाहणीच्या वहीतला. रोज सकाळी आठला सभागृहाला एक फेरी मारायची आणि निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वहीत अकरा गोष्टींबद्दल लिहायचं. दिवे, पंखे, नळ, संडास, खुर्च्या, आग विझवायच्या नळकांड्या, बाहेर पडायची दारं, असं करत करत नवव्या क्रमांकावर बाल्कनीकडे जाणारा जिना. पहिली दोन वर्षं त्यानं अकराच्या अकरा ओळी रोज वळणदार अक्षरात लिहिल्या. मग त्याच्या ध्यानात आलं की काल होतं तेच आज आहे. सभागृह म्हणजे काही वाढतं मूल नव्हे. म्हणून तो ‘वरीलप्रमाणे’ लिहू लागला, आणि बोटं दुखायला लागल्यावर नुसतं ‘व.प्र.’. पान संपलं की नव्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानाप्रमाणे’, आणि खाली पुन्हा व.प्र.ची रांग. काही बिघडलं किंवा दुरुस्त झालं तरच तो अकरा ओळी नव्यानं लिहून काढी. त्या दिवसापासून ‘वरील’ बदललं, असं समजायचं. पद्धत आळशी होती, पण आळसालाही त्यानं शिस्त लावली होती.

रविवारी पाहणी नसे. रविवारी सभागृहात सगळ्यात जास्त माणसं येत आणि त्याच दिवशी पाहणीला सुट्टी. असं का, हे मंडळाला कधी कोणी विचारलं नाही.

मंडळ म्हणजे सभागृह चालवणारी नऊ माणसं, आणि नऊ माणसं म्हणजे खरं तर एकटे सेक्रेटरीसाहेब. त्यांचं औषधांचं दुकान होतं. दर शनिवारी ते स्कूटर फाटकाशी चालूच ठेवून यायचे, आठवड्याच्या शेवटच्या ओळीखाली सही ठोकायचे आणि स्कूटर बंद पडायच्या आत परत जायचे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावणाऱ्या त्या माणसानं आपल्या केअरटेकरचं अक्षर मात्र कधी लावलं नाही.

आणि तिसरी मावशी. ती झाडायला-पुसायला त्याच्याही आधीपासून. वयानं त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण मावशी हे पद वयावर थोडंच मिळतं? हातात झाडू घेतला की मिळतं. तो तिला मावशी म्हणे, ती त्याला भाऊ. सकाळच्या फेरीनंतर दोघं तिकीट खिडकीमागच्या खोलीत चहा प्यायची. तो तिला वर्तमानपत्रातलं वाचून दाखवी आणि अधूनमधून स्वतःच्या मनातल्या बातम्या घुसवून देई. चंद्रावर झाडूवाल्या बायकांची भरती निघाली, असं त्यानं एकदा वाचलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, “जायचा जिना किती पायऱ्यांचा आहे?”

बाल्कनी ती सोमवारी आणि गुरुवारी पुसायची. त्या सोमवारी ती भरलेली बादली घेऊन जिन्याच्या वळणावर आली, दम खायला कठड्याला टेकली, आणि कठडा बाहेरच्या बाजूला निघाला. तुटला नाही, निघाला. खालच्या फरशीवर आधी बादली पडली, मग ती. वरीलप्रमाणे तेव्हा तिकीट खिडकीत बसून त्या दिवसाचं व.प्र. लिहीत होता. शाई वाळली नव्हती, असं पुढे तो सांगायचा. म्हणजे खूप दिवसांनी, सांगण्याइतकं बळ आल्यावर.

खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. मावशीची मुलगी शिलाईच्या कारखान्यात काम करायची, ती रजा टाकून उशाशी बसली होती. तिनं त्याला स्टूल दिलं आणि स्वतः उठून बाहेर गेली. त्या उठण्यातच त्याला काय ते कळलं.

“भाऊ,” मावशी म्हणाली, “तो कठडा हलत होता, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी लिहिलं होतं.”

“कुठं?”

“वहीत.”

“मला वाचता येत नाही,” ती म्हणाली. “हे तरी ठाऊक होतं ना तुम्हाला?”

पिशवीतून आणलेली मोसंबी तिथंच ठेवून तो उठला.

खरं म्हणजे ठाऊक तर त्याला होतंच. सात महिन्यांपूर्वी एका सोमवारी फेरी मारताना कठडा हाताखाली डुगडुगला होता. खालच्या लोखंडी पट्ट्या गंजून सिमेंटमधून सुटल्या होत्या. त्याच आठवड्यात शनिवारी त्यानं ते सेक्रेटरीसाहेबांच्या कानावर घातलं, आणि ते म्हणाले, “बघू.” साहेबांच्या ‘बघू’चा अर्थ सभागृहात सगळ्यांना माहीत होता. ती गोष्ट आता कोणी बघणार नाही, एवढाच.

मग मावशीच्या मुलीनं नुकसानभरपाईचा दावा लावला. मंडळाला नोटीस आली तशी सेक्रेटरीसाहेबांनी वरीलप्रमाणेला दुकानात बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या खुर्चीवर बसताना त्याला वाटलं, हीसुद्धा आधी हलवून बघावी.

मंडळाचे वकील तिथंच होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं. जागा धोक्याची आहे हे मंडळाला माहीत असतं, तर मंडळ अडकलं असतं. पण मंडळानं तर रोजच्या पाहणीला पगारी माणूस नेमला होता. वहीत रोजची नोंद आहे, दर आठवड्याची सही आहे, कसली म्हणून तक्रार नाही. याहून जास्त काळजी कोण घेतं? ती निळी वही हाच आपला भक्कम पुरावा, तीच आपण हजर करू. तुम्हाला फक्त दोनच गोष्टी विचारतील. रोज पाहणी करत होतात का, हो म्हणा. वही तुमच्याच अक्षरात आहे का, हो म्हणा. संपलं.

“आणि मग कठडा पडला कसा, असं विचारलं तर?” त्यानं विचारलं.

वकिलांनी सेक्रेटरीसाहेबांकडे बघितलं आणि सेक्रेटरीसाहेबांनी खोकल्याच्या बाटल्यांकडे. तेव्हा वरीलप्रमाणेच्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळाला माहीत नव्हतं, कारण पाहणी करणाऱ्यानं सांगितलंच नाही. रोज व.प्र. म्हणजे रोज ठीक. मावशीला पाडलं ते मंडळानं नाही, कठड्यानंही नाही. त्यानं.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही वहीत लिहिलंय ना कठड्याचं, मग कशाला घाबरता?

घोडं अडलं होतं ते तिथंच. त्या सोमवारी लिहिलं होतं, हे नक्की. पण त्याच दिवशी बायकांच्या बाजूचा नळ गळत असल्याचंही लिहिलं होतं, आणि तो नळ आठवड्यात दुरुस्त झाला होता. नळ दुरुस्त झाल्यावर त्यानं शिस्तीप्रमाणे अकरा ओळी पुन्हा लिहून काढल्या होत्या का? आणि काढल्या असतील, तर नवव्या ओळीत काय लिहिलं? एकदा सांगून झालं, साहेब ‘बघू’ म्हणाले, आता पुन्हा तेच लिहिलं तर डिवचल्यासारखं दिसेल, म्हणून हातासरशी ‘ठीक’ लिहून टाकलं असेल तर? तसं तो करू शकला असता. स्वतःला तो एवढा तरी ओळखत होता. वही मात्र अपघाताच्या दिवसापासून सेक्रेटरीसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद.

“स्वतः लिहिलेलं तुम्हाला आठवत नाही?” बायको म्हणाली.

“रोज तेच लिहितो. त्यात आठवायचं काय?”

“मला मात्र तुम्ही गेल्या वर्षी काय काय विसरलात ते तारखेसकट आठवतं,” ती म्हणाली आणि दिवा मालवायच्या ऐवजी त्याच्या गुडघ्याला तेल लावत बसली.

सुनावणीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. जिन्यातून पडल्याचा दावा, आणि तो ऐकायला जिना चढून जायचं, म्हणून मावशी खाली भाड्याच्या गाडीतच बसून राहिली, कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन. वरीलप्रमाणे तिच्यासमोरून गेला. तिनं मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते त्याला कळलं नाही. चढताना एका पायरीवर ‘पायरी सैल आहे’ अशी पाटी खडूनं लिहिलेली दिसली. इथल्या पाहणीच्या वहीत काय लिहीत असतील, असं त्याच्या मनात आलं, पण विचारणार कोणाला?

मंडळाच्या वकिलांनी ठरल्याप्रमाणे दोन प्रश्न विचारले, त्यानं दोनदा हो म्हटलं. वही टेबलावर आली. शेवटचं पान उघडून वकिलांनी साहेबांना दाखवलं. सुनावणी घेणारे साहेब म्हणजे एक वयस्कर, दमलेले गृहस्थ. त्या दिवसातला हा त्यांचा सहावा दावा असावा. त्यांनी व.प्र.ची रांग बघितली, सह्या बघितल्या, जांभई गिळली.

मग मावशीच्या बाजूच्या वकीलबाई उठल्या. तरुण होत्या. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय?”

“वरीलप्रमाणे.”

“वरीलप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे?”

एकवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याची थट्टा झाली, नाव पडलं, आभारसुद्धा मानून झाले, पण वर काय आहे हे बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. तो म्हणाला, मागं जावं लागेल. वकीलबाई म्हणाल्या, जाऊ या की.

तो पानं उलटू लागला. व.प्र., व.प्र., व.प्र., सही. मागील पानाप्रमाणे. आणखी एक पान, आणखी एक सही. मंडळाच्या वकिलांनी आधी पेन खाली ठेवलं आणि मग चष्मा काढला. चौथं पान उलटताना वरीलप्रमाणेची बोटं चिकटायला लागली, कारण नळाचा आठवडा इथंच कुठंतरी होता. पाचवं पान. तिथंही व.प्र.च. सहाव्या पानाच्या वरच्या बाजूला अकरा ओळी होत्या, वळणदार अक्षरात, आणि त्यांच्या खाली लगेच व.प्र. सुरू झालं होतं. नळ दुरुस्त झाल्यावर अकरा ओळी पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. आयुष्यात एखाद्या कंटाळ्याबद्दल इतकं हायसं त्याला कधी वाटलं नसेल.

“नववी ओळ वाचा,” वकीलबाई म्हणाल्या.

त्यानं वाचली. “नऊ. बाल्कनीच्या जिन्याचा कठडा हलतो. दुरुस्तीची गरज.”

“आणि त्यानंतर व.प्र. किती वेळा?”

साहेबांनी स्वतः मोजायला घेतलं. एकशे शह्याऐंशी. आणि सेक्रेटरीसाहेबांच्या सह्या एकतीस. म्हणजे कठडा हलतो या गोष्टीवर मंडळानं एकतीस शनिवारी शिक्कामोर्तब केलं होतं, आणि ते सगळं बांधून, निळ्या पुठ्ठ्यात घालून, स्वतःच आणून दिलं होतं.

पण मंडळाचे वकील काही कच्चे नव्हते. ते पुन्हा उठले, आता जरा गरम होऊन. तीन नंबरला नळ गळतो असं लिहिलंय, तो गळायचा कधी थांबला? त्यानं सांगितलं, आठवड्यात. म्हणजे वहीत सात महिने गळतोय आणि प्रत्यक्षात कोरडा? त्यानं मान हलवली. मग ही वही खोटी नाही का? आणि रोज जिना चढून कठडा हलवून बघत होता का, शपथेवर सांगा.

इथं हो म्हणणं सोपं होतं. मावशीच्या बाजूनंही ते बरं झालं असतं. वकीलबाईंच्या चेहऱ्यावरून त्यांनाही तेच हवं होतं, असं त्याला वाटलं. पण त्याला त्या शब्दाचा कंटाळा आला होता. सकाळपासून दोनदा हो म्हणून झालं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “आठवड्यातनं दोनदा चढत होतो, कधी एकदाच. गुडघे साथ देत नाहीत. बाकीच्या दिवशी खालूनच लिहिलं.”

“बघा, साहेब,” मंडळाचे वकील म्हणाले.

“पण नळ दुरुस्त झाला, कारण कार्यक्रमवाल्यांनी ओरडा केला आणि प्लंबर आला,” तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलत राहिला. “प्लंबरला दार मीच उघडलं. सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडंच असतात. कठड्यासाठी कोणी आलं असतं तर त्यालाही दार मीच उघडलं असतं. कोणी आलं नाही. हलणारी वस्तू आपणहून घट्ट होत नाही, साहेब. ते बघायला जिना चढावा लागत नाही.”

साहेबांची जांभई गेली होती. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना पेन थांबवून त्यांनी स्वतःच एक प्रश्न विचारला. जिन्याला आडवं काही बांधलं होतं का, निदान एखादी दोरी?

“नाही.”

“दोरी नव्हती?”

“होती,” तो म्हणाला. “लाल मखमलीची. पाहुण्यांच्या रांगेपुढं लावायची.”

मावशीची मुलगी खिडकीतून खाली गाडीकडे बघत होती.

निकाल सहा आठवड्यांनी आला. जागा ज्याच्या ताब्यात, ती धड ठेवायची जबाबदारी त्याची, असं त्यात म्हटलं होतं. पाहणीला माणूस नेमला म्हणून ती त्या माणसाच्या गळ्यात घालता येत नाही. त्यानं कळवलेलं वाचलं नाही, ही मंडळाला माहिती नसल्याची खूण नव्हे, मंडळानं माहिती करून घेतली नसल्याची खूण आहे. भरपाई मंडळानं द्यायची. शेवटी एक परिच्छेद होता. दुरुस्ती केअरटेकरच्या हातात नव्हती, पण जिना अडवणं आणि आठवड्यातून दोनदा तो जिना चढणाऱ्या बाईला तोंडी सांगणं हातात होतं, ते त्यानं करायला हवं होतं. बायकोनं त्याला सगळा निकाल वाचायला लावला. तो परिच्छेद त्यानं दोनदा वाचला. तिनं विचारलं, अपील करायचं का याच्यावर? तो म्हणाला, कशावर? बरोबर तर लिहिलंय.

नोकरी गेली नाही. सेक्रेटरीसाहेबांनी तसा विचार केला असणार, पण अकरा कुलपांपैकी कोणती किल्ली उलटी फिरवावी लागते, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. नवा कठडा बसला, चांगला जाड पाइपचा. वेल्डरला दार त्यानंच उघडलं. साहेब आता शनिवारी स्कूटर बंद करून यायचे, वही बाकावर बसून वाचायचे, आणि वाचताना त्यांचे ओठ हलायचे.

मावशी काही परत कामावर येणार नव्हती. वॉकर घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची, तेवढंच तिचं सभागृह झालं होतं. एका शनिवारी दुपारी तो तिच्याकडे गेला. मुलीनं या वेळी चहा केला, आणि उठून बाहेर गेली नाही.

“काय चाललंय, भाऊ?” मावशीनं विचारलं.

“वरील...” त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं एकापासून सुरुवात केली. दिवे, स्टेजच्या डावीकडचा एक गेलाय. पंखे ठीक. नळ ठीक. संडासाची एक कडी सुटलीय, नव्या बाईला सांगितलंय, समोर उभं राहून सांगितलंय. मावशी डोळे मिटून ऐकत होती, फेरी मारत असल्यासारखी. आठवर आल्यावर तिनं डोळे उघडले.

“आणि कठडा?”

“घट्ट आहे.”

“हलवून बघितला?”

“बघितला.”

“आज?”

त्यानं कप खाली ठेवला. “काल,” तो म्हणाला. “आज गुडघा उठूच देईना.”

“मग वहीत काय लिहिलंत?”

“काल बघितला, आज बघितला नाही, असं लिहिलं.”

“आणि साहेबांनी?”

“वाचलं. बराच वेळ वाचलं. मग माझ्याकडं बघितलं, मग जिन्याकडं बघितलं.” त्यानं कप पुन्हा उचलला. “मग स्वतः चढून गेले.”

मावशीला हसू आलं. पण हसताना खुबा दुखतो, म्हणून तिनं ते अर्ध्यावरच आवरलं, आणि त्याला म्हणाली, दहा आणि अकरा राहिलेत.